भरलेली चीर पुन्हा का उघडते? लाकडी शिल्पाला जाणाऱ्या तड्यांचे निदान आणि उपाय

शिल्प पूर्ण होते, त्यावर पॉलिश चढते, आणि दोन-तीन महिन्यांनी एके सकाळी कपाळापासून गालापर्यंत केसाएवढी चीर दिसते. लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून ती भरली जाते, घासून सारखी केली जाते, आणि हवामान पालटले की त्याच जागी किंवा तिच्यापासून बोटभर अंतरावर लाकूड पुन्हा फाटते. लाकूड कोरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव केव्हातरी येतो, आणि बहुतेक जण दोष लाकडाच्या जातीला किंवा गोंदाच्या कंपनीला देतात. बरीच वर्षे हेच काम करून आणि बऱ्याच चिरा स्वतः चुकीच्या रीतीने भरून माझे मत असे झाले आहे की चीर कोणत्या प्रकारची आहे आणि ती अजून हलते आहे की थांबली आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज तिला हातच लावू नये. पुढे जे लिहिले आहे ते या दोन प्रश्नांबद्दल आणि त्यांच्या उत्तरांवरून ठरणाऱ्या उपायांबद्दल आहे.

चीर वाचणे

शिल्प उलटे करून त्याचा तळ पाहावा. तिथे लाकडाची वलये दिसतात, आणि वलयांचा मध्य शिल्पाच्या आत आहे की बाहेर, एवढ्यावरूनच अर्धे निदान होते. खोडाच्या नेमक्या मध्यातून जाणारा मऊ भेंड शिल्पाच्या आत असेल, म्हणजे शिल्प अख्ख्या गोल ओंडक्यातून कोरलेले असेल, तर पृष्ठभागावर रुंद आणि आत भेंडाकडे निमुळती होत जाणारी चीर ही त्या ओंडक्याची स्वाभाविक चीर आहे. ती पाचरीच्या आकाराची असते, तंतूंच्या दिशेने उभी धावते आणि वलयांना काटकोनात छेदते. भरूनही पुन्हा पुन्हा उघडते ती बहुधा हीच, म्हणून या लेखाचा बराचसा भाग तिच्यावरच खर्च होणार आहे.

तळाला किंवा माथ्यावर, जिथे तंतू आडवे कापले गेले आहेत तिथे, जाळीसारख्या बारीक आणि उथळ भेगा दिसत असतील तर ते प्रकरण वेगळे आहे. तंतूंच्या उघड्या टोकांतून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा साधारण १० ते १५ पट वेगाने बाहेर पडते. टोके आधी सुकून आकसू पाहतात, आतले ओले लाकूड त्यांना आकसू देत नाही, आणि त्या ओढाताणीत टोके फाटतात. या भेगा सहसा फार खोल जात नाहीत. ओंडका दोन्ही टोकांना चार-पाच सेंटिमीटर जास्त लांब ठेवला आणि तोडल्या दिवशीच टोकांना वितळलेल्या मेणाचा किंवा जाड रंगाचा थर दिला, तर त्या जादा लांबीसोबत या भेगाही कापून टाकता येतात.

तिसरी चीर वलयाच्या कडेकडेने कमानीसारखी जाते, जणू कांद्याचा एक पापुद्रा दुसऱ्यापासून सुटला आहे. ही फूट बहुतेक वेळा झाड उभे असतानाच पडलेली असते. वाऱ्याचा ताण, जुनी जखम, जिवाणूंचा प्रादुर्भाव अशी तिची कारणे असतात. तिच्यावर सुकवण्याच्या कोणत्याही पद्धतीचा उपाय चालत नाही. कोरताना अशी फूट दिसली तर ती कुठवर जाते ते आधी पाहावे आणि चेहरा किंवा हात यांसारखा भाग तिच्या वाटेत येत असेल तर तो ठोकळा बाजूला ठेवावा. कितीही काम झालेले असले तरी मी हाच सल्ला देईन, कारण मोगरीचा एखादा घाव पुरतो आणि सगळा पापुद्रा हातात येतो.

गाठीभोवतीच्या भेगा समजायला सोप्या आहेत. गाठ म्हणजे खोडात रुतलेली फांदी, तिचे तंतू खोडाच्या तंतूंना जवळपास आडवे असतात, त्यामुळे दोन्ही आपापल्या दिशेने आकसतात. बोट, घोटा, पक्ष्याची चोच असा बारीक भाग आडवा तुटला असेल तर त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. तिथे तंतू भागाच्या लांबीने न जाता आडवे गेले आहेत, आणि ही चूक कोरण्याच्या आधी, आराखडा ठोकळ्यावर मांडतानाच झालेली असते.

लाकूड आकसते तेव्हा नेमके काय होते

ओल्या लाकडात पाणी दोन प्रकारे असते. पेशींच्या पोकळ्यांत मोकळे पाणी साठलेले असते आणि पेशींच्या भिंतींमध्ये मुरलेले पाणी असते. मोकळे पाणी जात असते तोवर वजन झपाट्याने उतरते, पण माप बदलत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांवर आला की भिंतींतले पाणी सुटू लागते, आणि लाकूड आकसते ते तिथून पुढे. म्हणूनच ताजा ओंडका सुरुवातीचे काही आठवडे अगदी शहाण्यासारखा वागतो आणि शिल्प आकाराला आल्यानंतर फाटतो.

हे आकसणे तिन्ही दिशांना सारखे असते तर शिल्प फक्त किंचित लहान झाले असते. तसे होत नाही. तंतूंच्या लांबीने लाकूड फार तर ०.१ ते ०.२ टक्के आकसते. भेंडाकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, ते त्याहून कितीतरी जास्त आकसते. आणि वलयांच्या कडेने, म्हणजे परिघाच्या दिशेने, सर्वांत जास्त. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत सागवान त्रिज्येत सुमारे २.५ टक्के आणि परिघात सुमारे ५.८ टक्के आकसते; कोरीवकामात आवडीने वापरले जाणारे बासवुड त्रिज्येत ६.६ आणि परिघात ९.३ टक्के, महोगनी त्रिज्येत ३.० आणि परिघात ४.१ टक्के.

या आकड्यांतला फरक समजून घेतला की चिरेचे कोडे सुटते. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल ओंडक्याचा परीघ सुमारे ६२८ मिलिमीटर असतो. सागवानाची त्रिज्या २.५ टक्के कमी झाली, तर वर्तुळ वर्तुळच राहण्यासाठी परीघही तेवढाच कमी व्हायला हवा. पण वलयांना ५.८ टक्के आकसायचे आहे. उरलेले ३.३ टक्के कुठूनतरी यायला हवेत, आणि ते चिरेच्या रूपाने येतात. लाकूड घरातल्या साधारण १२ टक्के ओलाव्यापर्यंत सुकले तर एकूण आकसण्यापैकी सुमारे तीन पंचमांश आकसणे झालेले असते. त्या हिशेबाने सागवानाच्या या ओंडक्याला एकूण सुमारे १२ मिलिमीटर, बासवुडच्या ओंडक्याला सुमारे १० मिलिमीटर आणि महोगनीच्या ओंडक्याला सुमारे ४ मिलिमीटर फट हवी असते. लाकूड थोडे ताणलेही जाते, त्यामुळे प्रत्यक्षातली फट यापेक्षा काहीशी कमी भरते, आणि ती एका मोठ्या चिरेत एकवटेल की दहा बारीक चिरांत वाटली जाईल हे सांगता येत नाही. पण ती हवी असते हे नक्की. सागवान आकाराने स्थिर लाकूड मानले जाते आणि फळीच्या कामात ते खरेही आहे, मात्र भेंडासकट गोल ओंडका घेतला तर तेच सागवान बासवुडपेक्षा जास्त फाटू पाहते, कारण तिथे एकूण आकसण्यापेक्षा दोन दिशांच्या आकसण्यातला फरक महत्त्वाचा ठरतो. हे ज्या दिवशी मी कागदावर मांडून पाहिले, त्या दिवसापासून लाकडाच्या जातीला दोष देणे मी सोडले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: सुकण्याची क्रिया एकदाच होऊन संपत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडातला ओलावा साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतो, आर्द्रता ३० टक्क्यांवर उतरली तर तो ६ टक्क्यांच्या आसपास येतो आणि ८० टक्के झाली तर १६ टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे पक्के सुकलेले शिल्पसुद्धा ऋतुमानाप्रमाणे आयुष्यभर फुगत आणि आकसत राहते.

चीर चालती आहे की थांबलेली

यासाठी लागणारी साधने साधी आहेत. चिरेच्या दोन्ही टोकांना, ती जिथे संपते नेमक्या त्या बिंदूवर, पेन्सिलीने आडवी बारीक रेघ मारावी आणि शेजारी तारीख लिहावी. मोटार दुरुस्त करणारे वापरतात ती फीलर गेज असेल तर चिरेच्या सर्वांत रुंद जागी तिची कोणती पाती सहज जाते ते टिपून ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिल्पाचे वजन करावे, दर आठवड्याला, त्याच काट्यावर, आणि ते वहीत लिहावे. वजन आठवड्यागणिक उतरत असेल तर आतून पाणी अजून जाते आहे आणि चीर चालती आहे. वजन कधी किंचित वर कधी किंचित खाली, असे हवेप्रमाणे झुलू लागले की शिल्प सुकले. पिना टोचून ओलावा दाखवणारे मॉइश्चर मीटर उपयोगी असते, पण आखूड पिनांचे मीटर फक्त वरच्या थराची स्थिती सांगते, आणि जाड शिल्पात फसवणूक नेमकी तिथेच होते: वरचा थर १२ टक्के आणि मध्य ३० टक्के, अशी स्थिती कित्येक महिने टिकू शकते.

ठोकळा कोरायला घेण्यापूर्वीच खात्री करायची असेल तर त्याच ओंडक्याचा, टोकापासून निदान ३० सेंटिमीटर आतला, एक पातळ काप काढावा. त्याचे वजन करावे, मग १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन उतरायचे थांबेपर्यंत तो सुकवावा आणि पुन्हा वजन करावे. ओल्या आणि कोरड्या वजनातला फरक कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणला की ओलाव्याची टक्केवारी मिळते. काप आधी ८४ ग्रॅम आणि नंतर ६० ग्रॅम भरला, तर ओलावा ४० टक्के आहे, म्हणजे आकसणे अजून सुरूही झालेले नाही. दर इंच जाडीला सावलीत एक वर्ष, हा सुतारांचा जुना ठोकताळा फळ्यांसाठी ठीक आहे; २० सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्याला तो लावून आठ वर्षे थांबण्याइतका संयम फार थोड्यांकडे असतो, आणि भेंड आत असेल तर आठ वर्षांनंतर हाती येतो तो सुकलेला पण फाटलेलाच ओंडका.

भुसा आणि गोंद का टिकत नाहीत

चीर सर्वांत रुंद केव्हा दिसते? हवा सर्वांत कोरडी असते तेव्हा. साहजिकच ती डोळ्यांवर येते आणि भरली जाते तीही तेव्हाच. भुसा आणि गोंदाचे मिश्रण वाळून दगडासारखे घट्ट होते. हवा दमट झाली की लाकूड फुगते आणि चीर मिटू पाहते, पण आता मध्ये खडा बसलेला असतो. तो दबत नाही, त्यामुळे त्याच्या दोन्ही काठांवरच्या लाकडाच्या पेशी चेपल्या जातात, आणि एकदा चेपलेल्या पेशी पुरत्या पूर्ववत होत नाहीत. पुढच्या कोरड्या ऋतूत लाकूड आकसते तेव्हा चीर पूर्वीपेक्षा रुंद झालेली असते. भरण एका काठापासून सुटते किंवा शेजारी नवी चीर पडते. चीर अजून चालती असताना भरली असेल तर दमट ऋतूचीही वाट पाहावी लागत नाही.

चालत्या चिरेवर योग्य उपाय म्हणजे ती तशीच ठेवणे. सांगायला हे सोपे आहे आणि करायला फार जड जाते, विशेषतः चीर चेहऱ्यावर असेल तेव्हा. दाखवण्यासाठी शिल्प बाहेर काढायचेच असेल तर लाकडाच्या रंगाचे मऊ मेण चिरेत दाबून बसवावे. ते दबते, बाहेर येते, आणि केव्हाही कोरून काढता येते.

थांबलेल्या चिरेसाठी त्याच जातीच्या, शक्य असल्यास त्याच ओंडक्याच्या ढलपीपासून केलेली पाचर हा माझ्या मते एकमेव समाधानकारक उपाय आहे. पाचरीचे तंतू शिल्पाच्या तंतूंशी समांतर हवेत आणि तिचा आडवा छेद चिरेसारखाच निमुळता हवा. चिरेचे काठ सरळ करण्याच्या नादात ते रुंद करू नयेत. चिरेचा नैसर्गिक वेडावाकडा मार्ग डोळ्याला खटकत नाही, करवतीने सरळ केलेली रेघ मात्र लांबूनही दिसते. पाचर सुरीने थोडी थोडी तासत, वारंवार बसवून पाहत, हाताच्या दाबाने घट्ट बसेल इतपतच करावी; मोगरीने ठोकून बसवलेली पाचर स्वतःच नवी चीर पाडते. मग तिच्या फक्त एका बाजूला सरस लावावा आणि दुसरी बाजू कोरडी ठेवावी. लाकूड आकसेल तेव्हा कोरड्या बाजूला केसाएवढी फट दिसेल आणि फुगेल तेव्हा ती मिटेल, पण ओढाताण होणार नाही. सरसाचा आग्रह यासाठी की ऊब आणि ओलावा दिला तर तो सुटतो, आणि दहा वर्षांनी पाचर बदलावी लागली तर बदलता येते. भरण्याची वेळ फार कोरडी किंवा फार दमट नसावी. चिरेची वर्षभरातली रुंदी टिपलेली असेल तर मधली रुंदी कोणती ते वहीच सांगते.

सरस वाळल्यावर पाचरीचा वर आलेला भाग सँडपेपरने घासू नये. पसरट गोल पटाशी परजून तिने तो शिल्पाच्या मूळ पृष्ठभागासारखाच छाटावा, म्हणजे पटाशीच्या कापाच्या ज्या चकचकीत खुणा गालावर आहेत त्याच पाचरीवरूनही अखंड जातील. उजेड बाजूने पाडला की घासलेली जागा मंद आणि कापलेली जागा तुकतुकीत दिसते, आणि दुरुस्ती ओळखू येते ती बहुतेक वेळा या फरकामुळे.

एका मस्तकाची हकीकत

माझ्याकडे बासवुडमधून कोरलेले एका वृद्ध स्त्रीचे मस्तक आहे, ४० सेंटिमीटर उंच, भेंडासकट अख्ख्या ओंडक्यातले. उजव्या कानशिलापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत त्याला चीर गेली. मी ती भुसा आणि गोंदाने भरली, सहा आठवड्यांनी पुन्हा भरली, आणि तिसऱ्यांदा इपॉक्सीने भरली. इपॉक्सी जागची हलली नाही. तिच्या शेजारी, डोळ्याखालून, दुसरी चीर गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याचे वजन केले. ४.३ किलो भरले. आठवड्याने ते ४.२७ किलो होते, आणि त्यानंतरच्या आठवड्यात ४.२४. वरून खडखडीत वाटणारे ते मस्तक आतून ओलेच होते, आणि मी तिन्ही वेळा चालती चीर भरत आलो होतो.

मग मी जे केले ते करायला धीर लागला. दोन्ही चिरांतले भरण कोरून काढले, मस्तक पालथे करून गादीवर टेकवले, आणि मागून, अंबाड्याच्या मधोमध, हातकरवतीने वरपासून तळापर्यंत उभा छेद थेट भेंडापर्यंत नेला. करवत भेंडाजवळ पोचली तेव्हा बारीक ‘टक्’ असा आवाज झाला आणि छेदाचे ओठ डोळ्यांदेखत किंचित फाकले. त्यानंतर तळातून मोठ्या खोलगट पटाशीने भेंड आणि त्याभोवतीचे लाकूड काढत मस्तक आतून पोकळ केले. बाहेर पडणाऱ्या ढलप्या हाताला गार आणि दमट लागत होत्या. पुढच्या सात-आठ महिन्यांत मागचा छेद रुंद होत गेला आणि चेहऱ्यावरच्या दोन्ही चिरा आवळत आल्या; डोळ्याखालची जवळपास मिटली, ओठांकडची नखाच्या कडेएवढी उरली. वजन ३.७ किलोवर स्थिरावल्यावर मागच्या रुंद फटीत एक लांब पाचर बसवली आणि तिच्यावर केसांच्या बटा कोरल्या.

छेद दिल्याने फट नाहीशी होत नाही, ती कुठे पडावी हे आपण ठरवतो. परिघाला हवी असलेली दहा-बारा मिलिमीटरची फट मागे मिळाली की पुढचा भाग फाटण्याचे कारण उरत नाही. जपानी सुतार भेंडासकट असलेल्या खांबांना मागच्या बाजूने असाच उभा छेद देतात आणि त्याला ‘सेवारी’, म्हणजे पाठीचा छेद, म्हणतात. शिल्पात हा छेद शक्य तितक्या लवकर, खडबडीत आकार निघताच द्यावा. मी तो वर्षभर उशिरा दिला.

पुढच्या शिल्पासाठी ठोकळा

वरचे सगळे उपाय चीर पडल्यानंतरचे आहेत. ती पडू नये यासाठी ठोकळ्यातून भेंड वगळणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. जाड ओंडका भेंडातून उभा चिरून अर्धा किंवा चतकोर घेतला तर वलये पूर्ण वर्तुळ राहत नाहीत, ती कमानी होतात, आणि कमानीला आकसताना मिटायला जागा मिळते. अर्ध्या ओंडक्याचा सपाट चिरलेला पृष्ठभाग सुकताना किंचित फुगीर होतो, पण फाटत नाही. मोठे शिल्प हवे असेल तर मोठे झाड शोधावे लागते, एवढीच याची अडचण आहे.

ही अडचण जुन्या शिल्पकारांनी दोन रीतींनी सोडवली. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे काम करणारा टिलमन रीमनश्नायडर, जो १५३१ मध्ये वारला, लिंडेनच्या लाकडातून वेदींसाठी मूर्ती कोरत असे. त्या मूर्ती पाठीकडून कोरून पोकळ केलेल्या असत. लिंडेन हे बासवुडचेच युरोपीय भावंड आहे आणि तितकेच आकसणारे आहे. पाठ पोकळ केली की भेंड निघून जातो, उरलेले कवच जवळपास सारख्या जाडीचे होते, आणि आतून-बाहेरून एकाच वेळी सुकते. दुसरी रीत जपानची. तिथल्या सुरुवातीच्या मूर्ती एकाच ठोकळ्यातल्या असत. पुढे जोचो या शिल्पकाराने अनेक ठोकळे जोडून, प्रत्येक आतून पोकळ करून मूर्ती घडवण्याची ‘योसेगी’ पद्धत परिपूर्ण केली. उजी येथील ब्योदोइन मंदिरातील त्याची १०५३ सालची अमिदा बुद्धाची मूर्ती सुमारे २.८ मीटर उंच आहे आणि आजही तिच्या जागी आहे. ठोकळे जोडताना आपणही एक काळजी घ्यायला हवी: शेजारच्या ठोकळ्यांचे तंतू समांतर असावेत आणि सगळ्यांचा ओलावा एकसारखा असावा, नाहीतर सांधा उघडतो आणि ती चीर गोंदाच्या माथी मारली जाते.

पोकळ करायचेच ठरवले तर लाकूड ओले असतानाच कोरण्यासारखा आनंद नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. ताज्या लाकडात पटाशी शिरते तेव्हा मोगरीची जेमतेम गरज पडते. मनगटाच्या दाबाने लांब, ओलसर ढलपी वळत वर येते, तिच्यामागे काचेसारखा गुळगुळीत काप राहतो, आणि लाकडाचा वास खोलीभर पसरतो. सुक्या लाकडात जे काम दोन दिवस घेते ते एका दुपारी होते. अट एवढीच की शिल्पाची जाडी सगळीकडे सारखी, साधारण तीन-चार सेंटिमीटर, ठेवत जावे आणि काम थांबवताना ते उघडे सोडू नये. त्याच्याच ओल्या ढलप्यांसह ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे आणि पिशवी रोज उलटी करावी, म्हणजे आतल्या बाजूला जमलेले दव बाहेर येऊन उडून जाते. फिकट लाकडावर चार-पाच दिवसांत बुरशी धरू शकते, तेव्हा त्यावर लक्ष ठेवावे. कोरणे संपल्यावर प्लास्टिकऐवजी कागदी पिशवी, मग नुसते कापड, आणि शेवटी उघडी पण वारा व ऊन न लागणारी जागा, असा क्रम ठेवून वजनाची वही चालू ठेवावी.

काही जण ओले लाकूड पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात बुडवून ठेवतात. हे रसायन पेशींच्या भिंतींत पाण्याची जागा घेते आणि भिंती फुगलेल्याच राहतात, म्हणून लाकूड आकसत नाही. १६२८ मध्ये बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले स्वीडनचे ‘वासा’ जहाज फाटू नये म्हणून त्यावर १७ वर्षे हेच फवारले गेले. पद्धत खरी आहे, पण अशा लाकडावर गोंद आणि पॉलिश नीट धरत नाहीत, ते दमट हवेत चिकट वाटते आणि कापाची तुकतुकी हरवते, म्हणून कोरीवकामासाठी मी ती सुचवत नाही.

पॉलिश आणि बैठक

तेल, मेण किंवा वॉर्निश ओलावा थांबवत नाहीत, फक्त त्याची ये-जा मंदावतात. म्हणून ते लावायचे तर सगळीकडे लावावे: तळाला, पाठीला, आतल्या पोकळीलासुद्धा. नुसता दर्शनी भाग रंगवला की पाठ झपाट्याने आणि पुढचा भाग सावकाश सुकतो-फुगतो, आणि हा असमतोल पुढे बाक किंवा चीर बनून दिसतो. शिल्प पुरते सुकण्यापूर्वी जाड थर चढवू नये, कारण आतले पाणी मग सर्वांत कच्च्या जागेतून, म्हणजे तंतूंच्या टोकांतून, वाट काढते.

चिरेचे एक कारण बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ते म्हणजे बैठक. शिल्पाचा तळ रुंद असेल आणि त्याला लाकडी किंवा लोखंडी बैठकीवर दोन टोकांना दोन स्क्रूंनी जखडले असेल, तर तळ आकसू पाहतो आणि स्क्रू त्याला सोडत नाहीत. अशी चीर नेमकी दोन स्क्रूंच्या मधून, तळाकडून वर चढते. तळाला रुंद आणि वर जाताना बारीक, हीच तिची ओळख. तिच्यासाठी चिरेला हातही लावावा लागत नाही. एक स्क्रू मधोमध घट्ट ठेवावा, बाकीच्यांची बैठकीतली भोके कानसने तंतूंच्या आडव्या दिशेने लांबट करावीत, स्क्रूखाली वॉशर घालावा आणि तो हलेल इतपतच आवळावा. भोक किती लांबट करावे हेही वरच्या हिशेबानेच काढता येते: २० सेंटिमीटर रुंदीचा बासवुडचा तळ ६ ते १६ टक्के ओलाव्याच्या दरम्यान परिघाच्या दिशेने सुमारे ६ मिलिमीटर हलतो, म्हणजे मधल्या स्क्रूच्या प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर सोडले की पुरते.